बुटातला बेडूक

ग्योतोकु, जपान,
१२ जानेवारी २००३

ती. आईंना,
स्वरूपाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आणि तिळगूळ दोन्ही पोचलं. वरदने त्यातला थोडा शेजारच्या नाकानो आजींना नेऊन दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, वाकून आभार मानले आणि संध्याकाळी पिशवीभर संत्री आणून दिली. इथे कुणाला काही नुसतं देताच येत नाही. आता त्या संत्र्यांच्या बदल्यात काय द्यायचं, या काळजीत मी आहे.

दुसरी बातमी करवंटीची. परवा नारळ फोडला आणि करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात टाकली. इथे जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद अशा कचऱ्याच्या जाती आहेत आणि प्रत्येकीचा वार ठरलेला. नाकानो आजी ती करवंटी हातात घेऊन बराच वेळ विचार करत उभ्या राहिल्या. मग खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले, मग त्यांची बायको आली आणि सभाच भरली. शेवटी जळते असं ठरलं, पण तोवर कचऱ्याची गाडी निघून गेली होती. करवंटी अजून आमच्या बाल्कनीत आहे.

वरदला पुण्याच्या शाळेत प्रवेश मिळाल्याचं वाचलं. तुम्ही आणि आजोबांनी त्यासाठी किती खेपा घातल्या असतील, याची कल्पना आहे मला. जूनमध्ये मी आणि वरदने पुण्याला यायचं आणि सत्यजितने इथे राहायचं, असं आपलं ठरलंच होतं. इथल्या बहुतेक मराठी घरांत मूल सहा वर्षांचं झालं की असंच होतं. समोरच्या इमारतीतली नयना मागच्या वर्षी मुलीला घेऊन ठाण्याला गेली. तिचा नवरा जयप्रकाश हल्ली रविवारी आमच्याकडे जेवायला येतो आणि जेवण झालं तरी उठत नाही.

सत्यजितला विचारलं तर तो म्हणतो, आई म्हणेल तसं. म्हणून तुम्हालाच विचारते, आपली घाई तर होत नाही ना? इथली नगरपालिकेची शाळा घरापासून चालत जाण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये सुरू होते.

लोभ आहेच, तिळगुळाने तो आणखी गोड झालाय.

तुमची,
स्वरूपा

पुणे,
२ फेब्रुवारी २००३

चि. सौ. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

करवंटीसाठी सभा भरवणाऱ्या देशात आपला नातू वाढतोय, हे वाचून ह्यांना फार हसू आलं. मला तुझ्या शेवटच्या चार ओळी वाचून आलं नाही. आधी गूळ आणि मागून औषध, ही युक्ती मी वर्गात जन्मभर वापरली आहे. शिक्षिकेला ती कळणार नाही असं वाटलं की काय तुला?

घाई कसली म्हणतेस? तिकडच्या शाळेत पोरगा जपानी गिरवणार, सत्यजितचं कंत्राट संपलं की इकडे येऊन तिसरीच्या वर्गात बाराखडीला बसणार. एक ना धड, भाराभर चिंध्या. फोनवर ह्यांनी त्याला काय जेवलास म्हणून विचारलं, तर त्याने जपानीत भलंमोठं उत्तर दिलं. हे आपले वा वा म्हणत बसले. फोन ठेवल्यावर मला विचारतात, काय म्हणाला गं?

राहता राहिला सत्यजित. तूच मागे लिहिलं होतंस, तो कावासाकीच्या ऑफिसला निघतो तेव्हा वरद झोपलेला असतो आणि परत येतो तेव्हाही झोपलेलाच असतो. मग बाप घरात असला काय आणि नसला काय? ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यातली, धरण जिथे तिथे मुक्काम. सत्यजितच्या शाळेसाठी मी पुण्याचं बिऱ्हाड हलवलं नाही. हे महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. कुणाचं काही बिघडलं नाही. पोरगा शिकला, इंजिनीअर झाला आणि थेट जपानला पोचला.

तुमच्यासाठी मागची खोली रंगवून घेतली आहे. रंग ह्यांनी निवडला, त्यामुळे ती दवाखान्यासारखी दिसते. तू आलीस की बदलू. आणि खरं सांगायचं तर मलाही घरात पोर हवंय गं. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना गोळ्यांची आठवण तरी किती करायची?

बोलते कडक, पण माया कमी नाही, हे तू जाणतेस.

सौ. पद्मिनीचे आशीर्वाद

ग्योतोकु,
२० फेब्रुवारी २००३

ती. आईंना,
स्वरूपाचा शि. सा. नमस्कार, या वेळी जरा भीतभीतच.

बाप घरात असला काय आणि नसला काय, असं तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर मला मागच्या आठवड्यात मिळालं आणि तेही सत्यजितच्या फजितीतून.

इथे दाराशीच बूट काढून घरात यायचं असतं. सत्यजितचे ऑफिसचे बुटांचे दोन जोड आहेत, आलटून पालटून घालतो. त्यातला जो जोड घरी राहतो, त्यात वरद झोपण्यापूर्वी बालवाडीत केलेली कागदाची एखादी वस्तू ठेवतो. सकाळी बूट घालताना ती सत्यजितला सापडते. रात्री परतल्यावर तो वरदच्या बुटात काहीतरी ठेवतो. स्टेशनबाहेर जाहिरातीची टिश्यूची पाकिटं फुकट वाटतात, बहुतेक वेळा तेच. वरद उठल्या उठल्या, तोंडही न धुता दाराकडे का पळतो, ते मला आत्ता कळलं. वर्षभर हे चाललंय आणि दोघांपैकी एकानेही मला पत्ता लागू दिला नाही.

त्या दिवशी सत्यजितला उठायला उशीर झाला. बुटात पाय कोंबून तो स्टेशनकडे पळाला. दिवसभर काहीतरी टोचत होतं, त्याला वाटलं अस्तर फाटलंय. संध्याकाळी ऑफिसची मंडळी जेवायला गेली. तिथे चटयांवर बसायचं, म्हणून सगळ्यांनी बूट काढले, तर ह्याच्या मोज्याला एक चपटा झालेला हिरवा बेडूक चिकटलेला! सगळं ऑफिस बघत राहिलं. त्यांचे विभागप्रमुख ओकुदा-सान यांनी बेडूक उचलून घेतला आणि हे काय म्हणून विचारलं. सत्यजितने लाजत लाजत सगळं सांगितलं.

ओकुदा-सान हसले नाहीत. मुलींच्या शाळेसाठी घर टोक्योत ठेवून ते बरीच वर्षं फुकुओकाला एकटे राहिले होते. इथे हे इतकं सर्रास चालतं की त्याला शब्दच आहे, तान्शिन फुनिन. ते म्हणाले की आता घरी परतून पुष्कळ दिवस झाले, मुली अदबीने वागतात, पण जेवणाच्या टेबलाशी आपली खुर्ची कुठली, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मग त्यांनी तो बेडूक नीट सरळ करून सत्यजितला परत दिला. हे सगळं सत्यजितने त्याच रात्री मला सांगितलं.

आई, मला जूनमध्ये यायचं नाही. हे सत्यजितच्या वतीने लिहीत नाही, माझ्या वतीने लिहिते. तुम्हाला नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नाही, माझीही रेटत नव्हती. बाराखडी मी घरी रोज गिरवून घेईन. एवढं लिहूनही तुम्ही या म्हणालात, तर येईन. पण मनाविरुद्ध येईन, हे तुम्हाला ठाऊक असावं.

लोभ या पत्रानंतरही राहील ना?

तुमची,
स्वरूपा

पुणे,
९ मार्च २००३

चि. सौ. स्वरूपास,
आशीर्वाद, नेहमीइतकेच. वि. वि.

पत्र वाचून मी रागावले होते. मनाविरुद्ध येईन असं सासूला लिहायला धीर लागतो. माझ्या सासूबाईंना मी लिहिलं नसतं. दोन दिवस पत्र ह्यांना दाखवलंच नाही, मग वाचून दाखवलं. बेडकाला हे खूप हसले. ओकुदा-सानांचं मात्र मला पुन्हा वाचायला लावलं.

सत्यजित लहान असताना हे सुट्टीवर आले की दार तोच उघडायचा आणि पाहुणे आलेत म्हणून मला आत ओरडून सांगायचा. ही आमच्या घरातली जुनी गंमत. ह्यांनी जरा हसावं म्हणून मी पुन्हा तीच सांगितली. हे हसले नाहीत. म्हणाले, घराची किल्ली कायम खिशात असायची, पण लावायला हात व्हायचा नाही. न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं, म्हणून बेल वाजवून बाहेर उभे राहायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वरूपा, आणि मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, ह्यांना किल्ली सापडत नाही. त्यावरून मी किती वेळा बोललेसुद्धा आहे.

वरद येणार नाही याचं मला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. ते मी लपवणार नाही. पण त्याचं नाव तिकडच्या शाळेत घालून टाका. बाराखडीचं कबूल केलंयस ते पाळ, आणि दर रविवारी फोनवर त्याने माझ्याशी मराठीतच बोलायचं. या वयात मला जपानी शिकायचं नाही. लोभाची काळजी तू करू नकोस, ती माझ्याकडे राहू दे.

काल शाळेत जाऊन प्रवेश रद्द करून आले. ऑफिसातल्या बाईंनी कारण विचारलं. मुलाचे वडील जपानला असतात, असं मी सांगितलं. त्यांना ते पटेना. म्हणाल्या, मग आईने आणि मुलाने इकडे राहायला काय हरकत आहे, सगळे तसंच करतात. मी म्हटलं, हो, आम्हीही तसंच केलं होतं.

तुम्हा तिघांची,
आई