पांढरी इमारत

९ फेब्रुवारी

पाणी उभं राहतं! साखरखेर्ड्यात सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि दोन पावलं मागेच सरले. प्रेमानंद सर मात्र शांत. "काही नाही पोरी, मोठं धरणच समज." धरणावर तीन वर्षं तेच आम्हाला समुद्र शिकवतात – लाटेत नाव अशी धरायची, वाऱ्यात तशी. सर सोबत आहेत म्हणून बरं.

१० फेब्रुवारी

दोनदा उलटी. वल्हवण्याची शर्यत उद्या.

११ फेब्रुवारी

अजून खरं वाटत नाही.

नाव वल्हवताना आपण पाठमोरे बसतो. जायचं एकीकडे, तोंड दुसरीकडे. म्हणून समोरची एक खूण धरायची आणि नजर तिथून हलू द्यायची नाही. धरणावर जाताना काठावर उभे बाबा असतात, परत येताना पलीकडचं पंपघर. आज जाताना किनाऱ्यावर सर होतेच. बोयाला, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणेला, वळसा घालून फिरले तेव्हा मी पुढे होते! आता तोंड समुद्राकडे. नुसतं पाणी, आणि लांब एक पांढरी इमारत. तीच धरली. जीव तोडून वल्ही मारली.

काठाला लागले तर शर्यत संपायचा झेंडा कुठे आणि मी कुठे! माझ्या मागे असलेली पिवळ्या टोपीची मुलगी केव्हाच पोचलेली. मागे वळून पाहिलं तर इमारत चालली होती. जहाज होतं ते!

"अशी वाकडी काऊन गेली?" सरांनी विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "बोया सरकली, सर." ते तडक तक्रार द्यायला गेले.

१२ फेब्रुवारी

तक्रार मान्य झाली! उद्या पुन्हा शर्यत, मी आणि पिवळी टोपी, दोघींचीच. जिंकेल ती राष्ट्रीय शिबिराला.

जेवणाच्या रांगेत ती भेटली. दोन्ही तळहातांना पट्ट्या, ताट मनगटावर तोललेलं. "मुझे तो बोया सही लगी," एवढंच म्हणाली. रागाने नाही. मी ताट घेऊन लांब जाऊन बसले.

बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग त्याईले सांग ना."

"बाबा, यादीतून नाव कापतील."

"हाव, कापतील."

बस, इतकंच! मला वाटलं होतं, समजूत काढतील.

१३ फेब्रुवारी

सांगितलं. सरांसमोर, पंचांसमोर – जहाजाला इमारत समजले, बोया जागेवरच होती. एक पंच हसले, मग यादी पुढे ओढली. नाव कापलं. तीन वर्षांचा पहाटेचा सराव वाया गेला. रडायचं मी, तर सरांचाच चेहरा माझ्याहून पडलेला. दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. माझ्या खोटेपणाने त्यांची मान खाली गेली.

१४ फेब्रुवारी, गाडीत

जालना जवळ आल्यावर सर बोलले. खिडकीबाहेर बघत.

"मलेबी ती इमारतच वाटली होती, धम्मशीला. मी तरी कुठं पाह्यला होता समुंदर?"

तीन वर्षं शिकवला!