गोठ्यातल्या गवळणी

खुशाल, कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला निघालो. तुला झोपेतून उठवले नाही. ही चिठ्ठी तुझ्या मायला, मैनाबाईला वाचून दाखव.

बाई, गोठा झाडायला जाशील तेव्हा जरा थांब. कोपऱ्यात वच्छीने दिवाळीच्या गवळणी शेणाने घडवून मांडल्या आहेत. माय गेली त्या वर्षी घरात सण नसतो, अंगणात गवळणी मांडायच्या नाहीत, असे तू काल तिला सांगितलेस.  पोरीने धाकट्या नाम्याचा हात धरला आणि गोठ्यात गेली. मी विचारले, "काहून वं, आत्यानं नाही म्हटलं ना?" तर म्हणते, "बाबा, माय आपली मेली, गाईची तं नाही मेली. तिले सण पाह्यजे ना!"

 एवढीशी पोर, पण तिने तुझा शब्द मोडला नाही आणि भावाची दिवाळीही बुडू दिली नाही. अक्कल तिच्या मायची आहे.

ऐन सणात स्वतःचे घर सोडून तू माझी लेकरे सांभाळते आहेस. तुझ्या रीतीपुढे मी बोलणार नाही. घरात तळणाची कढई चढवू नकोस. पण तेवढ्या गवळणी राहू दे, आणि संध्याकाळी पोरांना गोठ्यात पणती लावू दे.

भाव चढा आहे हे खरे, पण पाडव्यापर्यंत थांबलो असतो तरी चालले असते. या घरातली दिवाळी मला बघवली नसती. पोरांना बघवते आहे, तर बघू दे.

नत्थू