प्रोफेसर नव्हे, प्रोसेसर

डिंडोली, सुरत
६ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर मी प्रोसेसर तयार केल्याचं सांगितलं आणि तू ऐकलंस की मी प्रोफेसर झाले. नंदुरबारच्या अर्ध्या गल्लीत तू पेढे वाटलेस, असं तुझ्या शेजारच्या माधवीवहिनी कळवतात. मी अजून त्याच शाळेत सातवीला शिकवते. म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुला 'स' आणि 'फ' वेगळे दिसतील.

संगणकाच्या पोटात काय चालतं ते मुलांना दाखवायचं होतं. शाळेचे संगणक म्हातारे, चित्रंबित्रं त्यांना झेपत नाहीत. मग मी 'इवला' नावाचा प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाईप केलं की तो छोटासा प्रोसेसर असल्याचं सोंग घेतो. आकडे ठेवायला चार खण, थोडी मेमरी आणि मोजके हुकूम: आण, ठेव, मिळव, वजा कर, उडी मार, थांब. दर एंटरला एक हुकूम पाळतो आणि कुठल्या खणात काय गेलं ते लिहून दाखवतो. निखिलचं म्हणणं, घरातला खरा मिक्सर बंद पडलाय आणि बाईसाहेब नसलेलं यंत्र चालवतायत.

ऑगस्टात मला प्रशिक्षणाला गांधीनगरला जायचंय. तेवढे दिवस येऊन माझा वर्ग घेशील? सोबत इवल्याचे हुकूम लिहून पाठवते.

तुझ्या लोभाची सवय झालेली,
नेहा


नंदुरबार
१४ जुलै २०२५

चि. सौ. नेहास,
अ. उ. आशीर्वाद.

पेढे परत मागता येत नाहीत, तेव्हा तूच लवकर प्रोफेसर हो.

तुझा इवला मी पेन्सिलीने कागदावर चालवला. एका उडीचा पत्ता चुकला, तो पुन:पुन्हा पहिल्या ओळीवर येत राहिला आणि मी इमानदारीने मागे मागे. दूध उतू गेलं. असा आज्ञाधारक प्राणी आपल्या घराण्यात पूर्वी झाला नाही.

वर्गाचं मात्र जमायचं नाही. तुझी मुलं अहिराणीत सुरू करतात आणि गुजरातीत संपवतात. मला काय कळणार? शिवाय गुडघे. आणि तुमच्याकडच्या फोनची लाईन दुरुस्त करून घे, फार खरखरते.

निखिलरावांना आशीर्वाद, मिक्सरला सहानुभूती.
तुझी,
तारा


डिंडोली
२१ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न.

अहिराणी आणि गुजराती या दोन्हींत भांडण्याबद्दल आईने तुला किती बोलणी खाऊ घातली, ते मला आठवतं. गुडघेही गेल्या महिन्यात लग्नात नाचले.

ताई, फोनची लाईन ठीक आहे. कंटाळा आला म्हणून तू शिकवण्या बंद केल्यास, हे मी तेव्हाही खरं मानलं नव्हतं. रागावू नकोस. इवला बोलत नाही, सगळं लिहून दाखवतो. तू नुसती पडद्यांकडे बघ. ये ना.

राग आला तरी लोभ कमी न करणे.
नेहा


नंदुरबार
२४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. नेहास,
आशीर्वाद.

तू परतलीस तेव्हा वर्ग छान झाला एवढंच मी म्हणाले. पुढचं तोंडाने सांगता आलं नाही.

पहिल्या दिवशी गुणाकार घेतला, पुन:पुन्हा मिळवून करायचा. चंचल नावाची मुलगी उठून काहीतरी विचारू लागली. सवयीप्रमाणे मी हसून मान डोलावली. तिने शेवटचा 'थांब' पुसला. मग इवला पुढच्या जागेतले आकडेही हुकूम समजून पाळत सुटला, पडदा भलत्यासलत्या ओळींनी भरला आणि वर्ग हसला. ती मात्र रडवेली होऊन माझ्याकडे बघत होती. बाईंनीच होकार दिला होता ना.

मी फळ्यापाशी गेले. मला कमी ऐकू येतं, प्रश्न लिहून विचारा, असं लिहिलं. अक्षर कधी नव्हे ते तिरकं आलं. मग चंचल आली आणि खाली तिने आपला प्रश्न लिहिला: उत्तर मिळाल्यावर थांब कशाला, तो पुसू का? इतका चांगला प्रश्न मी मान डोलावून घालवला होता. त्यानंतर तास संपेपर्यंत पोरांनी फळा रिकामा राहू दिला नाही.

त्या संध्याकाळी निखिलरावांना घेऊन कानांच्या डॉक्टरांकडे गेले. तुला न सांगण्याची शपथ मीच घातली होती, त्यांना बोलू नकोस. कानातलं यंत्र पुढच्या महिन्यात मिळेल. ते लावायला मी सुरतेला येते. लावलं की आधी शाळेत ने. चंचलचं अक्षर मला ओळखता येतं, आवाज अजून माहीत नाही.

लोभ आहेच, तो मोठ्याने सांगत जा.
तुझी,
ताई