आंब्यावर धरलेला नेम

शनिवार, संध्याकाळ

उद्या गोल्फच्या मैदानावर परीक्षा. चेंडू सरळ गेला तरच शिकवणाऱ्यांत घेतील, नाहीतर साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणं आहेच. आज खळ्यातून आंब्यावर नेम धरला, पण प्रत्येक चेंडू डावीकडे. मनगट चुकतंय? की नजर?

मंदा मागून हसली. "अवो, भात झोडताय का? पुढचा पाय बघा, आंब्याकडं वळलाय."

खरंच. झोडणीची सवय, पाय आपोआप वळतो. तिनं पायांपुढे आंब्याच्या रोखानं काठी ठेवली. "बोटं हिला लावा." चेंडू थेट खोडावर!

पण उद्या काठी ठेवू देणार नाहीत. पाय वळला तर?

"कुंपणाशी उभी राहशील?"

"सायबांत मी नाय येयाची."

आत्ता पाहिलं, घडी नीट बसावी म्हणून नवी साडी गादीखाली दाबून ठेवली आहे.