मुलगा घरी नाही

बाबा,

तुमचा आत्ता कुठे डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे, बीपीची गोळी बशीत काढून ठेवली आहे. आधी खा, मग गोळी घ्या. रोजच्यासारखं उलटं करू नका.

मी वकिलांकडे चाललोय, दिवाळखोरीचा अर्ज भरायला. छपाईचं मशीन जाईल, बहुतेक दुकानही. एका कर्जाचे हप्ते फेडायला दुसरं काढत गेलो. याची टोपी त्याला घालता घालता शेवटी टोप्याच संपल्या.

माझ्या डब्याखाली तुम्ही गुपचूप ठेवलेलं पेन्शनचं पासबुक सापडलं. ते तुमच्या कपाटात परत ठेवलंय. पुन्हा बाहेर काढलंत तर आपलं भांडण होईल.

दहानंतर वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतील. गेलं दीड वर्ष मी दाराआड उभा असतो आणि तुम्ही त्यांना सांगता, "मुलगा घरी नाही." जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस माझ्यापायी मापात पाप करायला लागला. फोन ठेवला की तुम्ही बेसिनवर जाऊन चूळ भरता, तेही मला दाराआडून ऐकू येतं. इतके दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आज फोन आला की उचला आणि तेच सांगा, मुलगा घरी नाही. कुठे गेलाय असं विचारलं, तर तेही सांगा, चांगलं मोठ्याने.

आज चूळ भरावी लागणार नाही.