तुझ्या ऑर्किडचा कोंब

दि. ९, सोमवार, भर दुपार

बाळे,

तुला आणि तुझ्या कुशीतल्या नव्या पाहुणीला पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक.

फोटो मिळाला. मी आजी झाले, अजून खरं वाटत नाही. शेजारच्या शिवणवाल्या बाईंना दाखवला, दूधवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "कालच दाखवलात की." म्हटलं, आज पुन्हा बघ, तुझं काय जातंय. नाक म्हणे तुझ्या बाबांवर गेलंय. असं तेच म्हणतात. चांगलं ते सगळं त्यांच्यावरच जातं.

ओळी तिरक्या गेल्यात, हसू नकोस. शाळा चौथीतच सुटली माझी.

आता तुझ्या ऑर्किडचं. बाबांनी जावईबापूंना दारातून परत पाठवलं, तेव्हा तू निघताना म्हणालीस, "याला फूल येईल तेव्हाच या घरात पाऊल टाकेन." इतक्या वर्षांत ते कधी फुललं नव्हतं. तुला काय म्हणायचं होतं ते कळलं मला. पण म्हटलं, शब्द तो शब्द. बाबांचं डोकं काही माझ्या हातात नाही, कुंडी तरी आहे.

चांगली काळी माती भरली, शेणखत घातलं, रोज पाणी. पोरांना खाऊ घालून वाढवलेली मी, झाडाला उपाशी कशी ठेवू? पानं पिवळी पडली. नर्सरीवाल्याने कपाळाला हात लावला. "आजी, हे फांदीवर राहणारं झाड. मातीत गुदमरतं. मुळांना हवा लागते." मग सडकी मुळं कापली, भोकांच्या कुंडीत कोळशाचे तुकडे आणि झाडाची साल भरून त्यात बसवलं. कोळसा कुणी आणला? बाबांनी. वर म्हणाले, "तिच्या झाडाला मी हात लावणार नाही," आणि खिडकीतली जागा स्वतःच पुसली.

मागच्या पत्रात मी लिहिलं, फुलाचा दांडा निघालाय. तू लिहिलंस, त्याचा फोटो पाठव, लगेच निघते.

काल नर्सरीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "आजी, हा दांडा नाही, मूळ आहे. टोक गोल आहे, दिसत नाही का?"

नाही दिसत, बाळे.

उजवा डोळा गेलाच. डावा किती टिकेल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. बाबा म्हणाले, ओली बाळंतीण आहे, कळवू नकोस. म्हणून नाही कळवलं. फोटो खिडकीशी धरला की पांढरं दुपटं दिसतं आणि वर केसांचा काळा डाग. मध्ये तोंड असेल. नाकाचं बाबा सांगतात, तेच मी गावभर सांगत फिरते.

झाड जगलंय, नवं मूळ धरलंय. पण फुलाला वर्ष-दोन वर्षं लागतील म्हणे. त्याला सवड आहे. माझ्या डोळ्याला नाही.

आज बाबांना विचारलं, दोघींना बोलावू का? कुंडी उजेडाकडे सरकवली. मग म्हणाले, "दोघी का? तिघं म्हण."

फूल नाही गं. तुझा शब्द मोडायला सांगतेय, आई असून. पाया पडते म्हटलं तर तुला आवडणार नाही, पण तेवढंच राहिलंय.

येशील ती दिवसाउजेडी ये. दिव्याच्या उजेडात मला नात दिसायची नाही.

तुझी,
खिडकीशी बसलेली आई