तिला रांजण नव्हता

१२ फेब्रुवारी, सोनगीर

आज उत्खननासाठी टेकाडावर रडारचं मशीन ओढताना पडद्यावर जमिनीखालचा रांजण उमटला. हजारो वर्षांपूर्वी असल्या रांजणात दगावलेली तान्ही बाळं पुरायचे. घरी आल्यावर आईला उगाच सांगितलं.

भाकरी थापता थापता ती थांबली. "तुनं मशीन आपला वावरमा चाली का?"

आई-आबांची पहिली मुलगी, माझी ताई, सव्वा महिन्याची गेली. आबांनी एकट्यानं शेतात पुरली. आईला जागा शेवटपर्यंत सांगितली नाही.

चालेल, म्हणालो. पण दिसणार काय? तिला रांजण नव्हता, आईच्या लुगड्याचा तुकडा होता.

आणि बांधाजवळच्या हातभर जागेत आबा कधीच नांगर घालत नसत. का, ते मी विचारलं नाही. आबा गेले त्याच वर्षी मी तिथं ट्रॅक्टर फिरवला.